रात्रीच्या ओलितात ऐकायला अख्खे रॉक अल्बम सुचवा

हरभऱ्याचं_वावर

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. सध्या हरभऱ्याला पाणी सुरू आहे आणि आमच्याकडे लाईन रात्रीची येते. मोटर सुरू करून स्प्रिंकलर लावले की पाइप बदलायची वेळ होईपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचं. वावरात रेंज नाही, म्हणून गाणी घरूनच डाउनलोड करून नेतो.

पुण्यात डिप्लोमा करताना रूममेटमुळे रॉकची गोडी लागली. सुटी गाणी पुष्कळ ऐकली, पण एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग असा कधी ऐकला नाही. आता वेळ आहे आणि मधे बोलायला कोणी नाही. टॉप शंभरच्या याद्या नेटवर ढिगानं आहेत, त्या नकोत. तुमचा स्वतःचा जीव ज्याच्यावर आहे असा एखाद-दुसरा अल्बम सांगा आणि तो का ऐकावा तेही सांगा. अडचण एकच. एक कान मोकळा ठेवावा लागतो, रानडुकरं आणि रोही (नीलगाई) येतात.

झाडीपट्टीचा_ऑर्गन

भाऊ, डीप पर्पलचा ‘मशीन हेड’, १९७२. डोळे मिटून घ्या.

मी वडसा भागातला. दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो, रात्रभर प्रयोग चालतात, आणि मी तिथे ऑर्गनवर बसतो. रॉक म्हणजे फक्त गिटार अशी माझीही समजूत होती. मग या बँडचा ऑर्गनवाला जॉन लॉर्ड ऐकला. या माणसानं हॅमंड ऑर्गन गिटारच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला, त्यामुळे ऑर्गन गिटारसारखाच गुरगुरतो आणि तिच्या बरोबरीनं भांडतो. ‘लेझी’ची सुरुवातच ऑर्गनची आहे. ‘हायवे स्टार’मधला त्याचा सोलो सावकाश ऐका, त्यात बाख या जुन्या युरोपीय संगीतकाराच्या चालीची वळणं आहेत. मी तो तुकडा पेटीवर बसवायला घेतला तेव्हा कळलं, वेग दिसतो तेवढा अवघड नाही, अवघड आहे ती त्या वेगातली शिस्त.

हा अल्बम झाला कसा तेही माहीत असू द्या. डिसेंबर १९७१ मध्ये मंडळी स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावी रेकॉर्डिंगला गेली. ज्या कॅसिनोत काम करायचं होतं तिथे आदल्या दिवसात फ्रँक झापा या अमेरिकन रॉकवाल्याचा कार्यक्रम सुरू असताना कोणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा जळता गोळा उडवणारी बंदूक) उडवली आणि अख्खी इमारत जळाली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ त्याच आगीवर आहे. दुसरी जागा धरली तर आवाजामुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी. शेवटी हिवाळ्यात बंद पडलेल्या एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये गाद्या लावून, बाहेर रोलिंग स्टोन्सचा रेकॉर्डिंगचा ट्रक उभा करून काम पुरं केलं. दौऱ्यावर फिरणाऱ्या प्रत्येक कलावंताला हे ओळखीचं वाटेल: मंडप कसाही मिळो, पडदा वेळेवर वर गेला पाहिजे. ती निकड प्रत्येक गाण्यात ऐकू येते.

खंजिरीवाला

मी तं ब्लॅक सॅबथच सांगीन. ‘पॅरानॉइड’, १९७०.

टोनी आयोमी हा गिटारवाला बर्मिंगहॅमले पत्र्याच्या कारखान्यात कामाले होता. १७ वर्षांचा असताना मशीनमंधी उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे गेले. गडी डावखुरा, म्हंजे तारा दाबाचा हात तोच. संपलं वाटलं त्याले. मंग कारखान्याच्या फोरमननं त्याले जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकोली. त्या मानसाचा हात आगीत भाजला होता आन् तो दोन बोटांवर सोलो वाजवे. आयोमीनं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांले टोपनं बनोली, त्याच्यावर चामडं लावलं. जाड तारा दाबाले जमे नाई म्हून बारीक लावल्या. पुढं पुढं गिटारच खालच्या सुरात लावली, तारा ढिल्या राह्याव्या म्हून. आज जगभर ज्याले हेवी मेटल म्हन्तात, त्याचं वजन त्या जखमी हातातून आलं हाये.

सोयाबीन निंघालं का थ्रेशरवर बोटं गेलेले पोरं आमच्याही गावात हायेत. म्हून हा अल्बम मले कधी दूरदेशीचा वाटलाच नाई. पहिलंच गानं ‘वॉर पिग्ज’. लढाया लावनारे मोठे लोक घरी बसते आन् मराले गरिबाचे पोरं जाते, हे तोंडावर सांगते ते. आवाज कमी ठेवजो, पन ऐकजो.

सेवाग्राम_रोड

आधी एका कानाचं बघू, कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. जुन्या अल्बममध्ये डावी-उजवी बाजू अगदी वेगळी केलेली असते. बीटल्सच्या ‘रबर सोल’च्या १९६५ च्या मूळ स्टिरिओ मिक्समध्ये गायन एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. एकच इअरफोन लावलात तर अर्धं गाणं गेलं. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ‘मोनो ऑडिओ’ आहे, ते सुरू करा, दोन्ही बाजू एका कानात येतील. शफल बंद ठेवा. याच कारणानं पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ मी वावरात ऐकायला सांगणार नाही. त्यातली पावलं, विमानं, घड्याळं एका कानाकडून दुसऱ्याकडे जातात, तेच त्याचं वैभव आहे. तो घरी, दोन्ही कानांनी.

आता माझा अल्बम. लेड झेपलिनचा चौथा, नोव्हेंबर १९७१. त्याला नावच नाही, मुखपृष्ठावर बँडचंही नाव नाही. आहे तो एका पडक्या भिंतीवर लावलेल्या चौकटीत पाठीवर काटक्यांची मोळी घेतलेला वाकलेला म्हातारा. कित्येक वर्षं लोकांना ते चित्र वाटायचं. २०२३ मध्ये मूळ फोटो सापडला: १८९२ चा, इंग्लंडच्या विल्टशर भागातला, घरांवर गवताचं छप्पर घालणाऱ्या एका कारागिराचा. छप्पर शाकारणारा माणूस! आमच्या शाळेतल्या पोरांना मी ते मुखपृष्ठ दाखवलं तेव्हा कोणी ‘हे कोण’ असं विचारलं नाही. मोळी सगळ्यांनी पाहिलेली होती.

पण अल्बम ऐकायचा तो शेवटच्या गाण्यासाठी, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’. लेव्ही म्हणजे नदीकाठचा मातीचा बांध. १९२७ मध्ये मिसिसिपीला महापूर आला, बांध फुटले, आणि दोन वर्षांनी मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅकॉय या जोडप्यानं त्यावर हा ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या दुःखाचं गाणं) रेकॉर्ड केला. झेपलिननं तो घेतला आणि पुराएवढा केला. जॉन बोनमचे ड्रम त्यांनी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घराच्या दाराजवळच्या उंच दालनात, जिन्याच्या तळाशी मांडले आणि माइक वर जिन्यावरून लोंबते सोडले. पहिल्या ठोक्यापासून जो घुमारा येतो तो त्या घराच्या उंचीचा आहे. तोच एक ठेका सात मिनिटं हलत नाही. वर्धेचं, वैनगंगेचं पाणी वावरात शिरताना ज्यांनी पाहिलं त्यांना ते न हलणं समजेल: पाणी घाई करत नाही, फक्त चढत राहतं. मी हे गाणं पूर आलेल्या वर्षी पहिल्यांदा नीट ऐकलं आणि तेव्हापासून ते मला मनोरंजन वाटलेलं नाही.

‘स्टेअरवे टू हेवन’ही याच अल्बमात आहे, ते तुम्ही ऐकलंच असेल. त्याच्या आधीचं ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’ मात्र लोक उगाच ओलांडून जातात. ड्रम नाहीत, मँडोलिन आहे, आणि सँडी डेनी या गायिकेचा आवाज.

फार जड झालं तर नील यंगचा ‘हार्वेस्ट’, १९७२. नाव सवंगणीचं, आणि काही गाणी खरोखर त्याच्या रानातल्या कोठ्यात रेकॉर्ड केलेली. ‘ओल्ड मॅन’ हे गाणं त्या रानाची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उद्देशून आहे.

पांदण_रस्ता

ताईंचं मोनोचं पटलं, पण पिंक फ्लॉइडला वावरातून हाकलू नका. ‘विश यू वेअर हिअर’, १९७५, एका कानानंही पोचतो. पाचच गाणी, त्यातलं एक दोन भागांत विभागून अल्बमच्या सुरुवातीला आणि शेवटाला. अल्बमचा मोठा भाग सिड बॅरेटच्या आठवणीत आहे. बँडचा सुरुवातीचा म्होरक्या तोच होता आणि मनानं खचून तो त्यातून बाहेर पडला. याच अल्बमचं काम चालू असताना एक दिवस तो स्टुडिओत येऊन उभा राहिला, डोक्याचे आणि भुवयांचे केस काढलेले, शरीर सुटलेलं, आणि जुन्या सोबत्यांनी त्याला बराच वेळ ओळखलंच नाही. सुरुवातीच्या गाण्यात गिटारचे चार सुटे सूर येतात, ते या पार्श्वभूमीवर ऐका. मी एवढा पोरका सूर दुसरीकडे ऐकलेला नाही.

हरभऱ्याचं_वावर

मोनो सुरू केलं. फरक लगेच कळला, आजवर गाण्याचा अर्धा भाग हरवत होतो. ताई, मोळीवाला आणि लेव्ही ऐकून झालं, दोनदा. सॅबथही ऐकलं. खंजिरीवाले भाऊ, आयोमीचं ते टोपनांचं मी घरी सांगितलं तर आई कितीतरी वेळ त्याच्याबद्दलच विचारत होती.

आता एक जोडप्रश्न. उद्यापासून बाबाही सोबत येणार. त्यांना इंग्रजी येत नाही, भजन मंडळात असतात. दोघांनी मिळून ऐकावं असं रॉकमध्ये काही आहे का? फिल्मी नको.

झाडीपट्टीचा_ऑर्गन

आहे. इंडियन ओशनचा ‘कंदिसा’, २००० साली आलेला. दिल्लीचा बँड आहे. बाबांना आधी ‘मा रेवा’ ऐकवा. ते नर्मदेचं गाणं आहे, आणि राहुल राम हा त्यांचा बेसवाला नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलेला, तिथल्या काठावरूनच त्यानं ते आणलं. आमच्या गावच्या परिक्रमा केलेल्या म्हाताऱ्यांनी हे ऐकून पुन्हा लावायला सांगितलं होतं. मग ‘कंदिसा’ हे शीर्षकगीत: केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांची अरामी भाषेतली प्रार्थना. शब्द आपल्यापैकी कोणालाच कळत नाहीत आणि तरी भजनातल्या माणसाला ते प्रार्थना म्हणून ताबडतोब कळतं.

बाबांना सांगा, तालाकडे लक्ष द्या. असीम चक्रवर्ती गाता गाताच तबला वाजवतात, आणि ड्रम त्या तबल्याला जागा देऊन चालतात. असीमदा २००९ मध्ये गेले. बँड आजही वाजवतो आणि चांगलं वाजवतो, पण नवीन रेकॉर्डिंगपासून सुरुवात करू नका. हाच अल्बम घ्या, त्यांचा आवाज असलेला.