मदत हवी आहे: माटोळीचा स्लाइड शो मध्येच थांबतो, चवथ परवावर आलीय

साखळीची_लेक:
नमस्कार मंडळी, चवथ परवावर आणि मी इथे अडकून बसलेय. आमच्या वाड्यावरच्या सार्वजनिक गणपतीच्या मखराशेजारी टीव्ही ठेवून माटोळीतल्या (गणपतीच्या वर फळं टांगायला बांधतात ती चौकट) फळांचा स्लाइड शो लावायचाय, ६३ फोटो, प्रत्येकाखाली नाव. पोरांना कांगलां कुठली, कवंडाळ कुठलं काही ओळखता येत नाही म्हणून गेल्या चवथीपासून रानात फिरून, म्हाताऱ्यांना विचारून हे जमवलंय. सगळ्यांना ८ सेकंद दिले तरी शो मध्येच थांबतो, क्लिक केल्याशिवाय हलत नाही. शेवटी काळा पडदा. पाच दिवस तिथे माउस घेऊन कोण बसणार? लवकर सांगा प्लीज.

मांडवीकाठ:
पॉवरपॉइंट कुठला? कितव्या स्लाइडवर थांबतो, दर वेळी त्याच? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

कुळागर:
ताई, ते सगळं सोडा आणि व्हिडिओ करा. फाइल, एक्स्पोर्ट, क्रिएट अ व्हिडिओ. एमपी४ पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह टीव्हीला लावा, रिपीट चालू करा, झालं. बहिणीच्या लग्नात आम्ही हेच केलं, लॅपटॉप लागलाच नाही. फक्त ज्या स्लाइडला वेळ दिलेला नसतो तिला तिथे आपोआप ५ सेकंद लागतात, तेवढं बघा.

मांडवीकाठ:
आणि आयत्या वेळी एक फळ वाढलं की पूर्ण व्हिडिओ परत करायचा? माटोळी बांधताना शेवटच्या घटकेलाही कोणीतरी रानातून काहीतरी घेऊन येतोच. शोच नीट करू दे त्यांना.

रानवाट:
बोलताना लोकांचं लक्ष आपल्याकडे वळवायचं असेल तर बी दाबायचं, पडदा काळा होतो, परत दाबलं की स्लाइड येते. डब्ल्यूने पांढरा होतो. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये मला याचा फार उपयोग झाला.

साखळीची_लेक:
मला भाषण करायचं नाहीय हो, टीव्ही एकटाच चालायला हवा. पॉवरपॉइंट कुठला ते माहीत नाही, भाच्याचा लॅपटॉप आहे. १९ आणि २० वर थांबतो, मग ४१ वर. त्या तीन माझ्या जुन्या फाइलमधून मागाहून घातल्या.

मांडवीकाठ:
मग तिथेच घोळ आहे. अप्लाय टू ऑल केलं की त्या क्षणी फाइलमध्ये असतील तेवढ्याच स्लाइडना वेळ लागतो. मागाहून आलेल्या आपली जुनी सेटिंग घेऊन येतात, तुमच्या फक्त क्लिकवर चालणाऱ्या आहेत. डाव्या पट्टीतल्या एका स्लाइडवर क्लिक करून कंट्रोल ए, मग वर ट्रान्झिशन्समध्ये आफ्टरला टिक आणि ८ सेकंद. काळ्या पडद्यासाठी स्लाइड शो, सेट अप स्लाइड शो, लूप कंटिन्यूअसली अंटिल एस्केप. यूज टायमिंग्जची टिक गेली असेल तर हे सगळं करून उपयोग नाही, ती बघा.

साखळीची_लेक:
वर ट्रान्झिशन्स नावाचं काहीच नाहीय, सेट अप पण नाही. भाचा म्हणतो हे पॉवरपॉइंट नाहीच, लिब्रेऑफिस नावाचं वेगळं सॉफ्टवेअर आहे.

मांडवीकाठ:
अहो हे पहिल्यांदा सांगायचं ना ताई! उजव्या पट्टीत स्लाइड ट्रान्झिशन उघडा, त्यात अ‍ॅडव्हान्स स्लाइडखाली आफ्टर, सेकंद भरा, मग अप्लाय ट्रान्झिशन टू ऑल स्लाइड्स. नंतर स्लाइड शो मेनूत स्लाइड शो सेटिंग्ज, तिथे लूप अँड रिपीट आफ्टर. त्याच्यापुढचा वेळ शून्य करा, नाहीतर प्रत्येक फेरीनंतर तेवढा वेळ पडदा काळाच राहतो.

डिचोलीचो_भाऊ:
८ सेकंद फार कमी. आमच्या आज्या चष्मा लावेपर्यंत फळ निघून जाईल. १२ ठेव बाय.

कुळागर:
६३ गुणिले १२ म्हणजे एक फेरी १२ मिनिटं ३६ सेकंदांची. तेवढा वेळ टीव्हीपुढे कोण उभं राहणार? ८ ने साडेआठ मिनिटांत संपते.

डिचोलीचो_भाऊ:
पूर्ण फेरी कोणीच बघत नाही. माणूस येतो, पाया पडतो, तीन-चार फोटो बघतो आणि आरतीला वळतो, ते तीन-चार तरी नीट वाचू दे. नाव मोठ्याने दोनदा सावकाश वाचायचं, तेवढा वेळ द्यायचा. आणि तोरिंगाखाली पपनस पण लिहिलंयस ना? पोरांना तेच नाव ठाऊक असतं.

रानवाट:
पपनस कशाला? आपलं नाव आधी, तेच विसरायला लागलेत सगळे.

डिचोलीचो_भाऊ:
आधी तोरिंगच, मोठ्या अक्षरात. खाली बारीक पपनस. नाहीतर बाजारात ओळखणार कसं?

मांडवीकाठ:
फळांचं नंतर ठरवा. ताई, चार्जर लावूनच ठेवा. पोरांनी कीबोर्डला हात लावू नये म्हणून झाकण मिटणार असाल तर आधी पॉवर सेटिंगमध्ये लिड बंद केल्यावर डू नथिंग करून ठेवा, नाहीतर लॅपटॉप झोपेल आणि टीव्हीही जाईल.

साखळीची_लेक:
झालं!! सगळ्यांना १२ दिले, दोन फेऱ्या बसून बघितल्या, १९, २०, ४१ कुठेच थांबला नाही. कवंडाळाला एकट्याला २० दिलेत, कारण त्याखाली 'खायचं नाही' असंही लिहिलंय आणि ते प्रत्येक पोराने वाचायलाच हवं. तोरिंगाखाली पपनस बारीक अक्षरात घातलं, भाऊ. देव बरें करूं सगळ्यांना.

कुळागर:
टीव्हीपर्यंत एचडीएमआय केबल पुरते का ते आजच बघा ताई. उद्या दुकानं उघडी असतील, पण बाजारात पाय ठेवायला जागा नसेल.