अंजीर-डाळिंबाच्या काड्या: पालवी आहे, मूळ नाही

आप्पा, रामराम.
चोपड्याला आईने डिसेंबरात अंजीर-डाळिंबाच्या काड्या पिशव्यांत लावल्या. पालवी छान आली, आता माना टाकताहेत. एक उपटली तर खाली नुसती पांढरी गाठ. पाणी कमी पडलं का? आणि मार्चमध्ये येतेय, चार काड्या बॅगेत घालून इकडे न्यू जर्सीला आणता येतील?

---

ताई, रामराम.
पाणी वाढवायला सांगू नका, काड्या कुजतील. डोळे फुटतात ते काडीतल्या साठ्यावर, त्याला मूळ लागत नाही. आपल्याकडे थंडीत दुपार तापते, रात्री पिशवी गारठते. वरून पानं पाणी मागतात, खाली ओढणारं कुणी नाही. पांढरी गाठ म्हणजे कॅलस, कापाच्या जागी भरून येणारा जिवंत पेशींचा गोळा. काडी जिवंत होती. उपटून बघू नका, पारदर्शक ग्लासात लावा, मुळं बाहेरून दिसतात.

काडी गेल्या हंगामाची, पेन्सिलीएवढी, 20 ते 25 सेंमी, 4-5 डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा डोळ्यापासून 1 सेंमीवर तिरपा, म्हणजे उलटी लागायची भीती नाही. अंजिराचा चीक धुऊन सावलीत सुकू द्या. 200 मिलिग्रॅम आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) आधी 50 मिली स्पिरिटमध्ये विरघळवा (थेट पाण्यात विरघळत नाही), मग पाणी घालून 100 मिली करा: 2000 पीपीएम. बुडखा पाचेक सेकंदच बुडवा. जास्त वेळ ठेवला तर साल भाजते.

काळी माती अजिबात नको. ओली असताना हवा जात नाही, वाळली की भेगाळून कोवळी मुळं तोडते. धुतलेली वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं, मुठीत दाबल्यावर थेंब-दोन थेंब सुटेल इतकंच ओलं. शेणखत नंतर. दोन तृतीयांश काडी आत. ग्लासांचा क्रेट रात्री घरात, दिवसा सावलीत; बुडाशी 20 ते 25 अंश मिळाले पाहिजेत. दीड-दोन महिने धरा.

आत्ता पालवलेल्या काड्यांची दोन पानं ठेवून बाकी खुडा, वरून प्लास्टिकची पिशवी घाला. काही वाचतील. डाळिंबाची काडी तेल्या (जिवाणूंमुळे होणारा डागांचा रोग) असलेल्या बागेतली मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका, रोग काडीबरोबरच येतो.

बॅगेतून नको. वनस्पती आरोग्य दाखला लागतो, तिकडची आयात परवानगीही लागू शकते, नाहीतर विमानतळावरच जप्त.

---

ताई, इकडून नेता आली नाही तरी न्यू जर्सीत तिकडच्या अंजिराची पान गळलेली काडी मिळते की. ओलसर कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत, फ्रीजमध्ये 3-4 अंशांवर दोन-तीन महिने सहज टिकते. कागद घट्ट पिळून घ्या, पाणी साचलं की बुरशी आलीच. शेजारी सफरचंदं नकोत, त्यांच्या वायूने डोळे मरतात. लावल्यावर ग्लास हीट मॅटवर (बुडाला ऊब देणारी विजेची चटई) ठेवा, खिडकीत नको. तिथे वर ऊन आणि बुडाला गारठा, म्हणजे परत चोपड्याचंच दुखणं.