मदत हवी आहे: चंद्र अचानक नाहीसा झाला तर काय होईल, आणि केव्हा?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आठवी-नववीच्या मुलांसमोर अर्धा तास बोलायचं आहे. विषय मुलांनीच दिलाय: चंद्र नाहीसा झाला तर? वाचायला बसले आणि डोकं गरगरलं. एके ठिकाणी म्हणे दिवस सहा-आठ तासांचा होईल. दुसरीकडे पृथ्वी कलंडणार, ऋतू संपणार. एका व्हिडिओत तर थेट महाप्रलय. यातलं खरं किती? आणि त्याच रात्री घडेल असं काय, लाखो वर्षं लागतील असं काय, हे कुणी उलगडून सांगेल का? गणित चालेल, पण मुलांना पेलेल इतपतच.

शंकासुर: आधी हे सांगा, जाणार कसा? फुटून गेला तर तुकडे आपल्याच डोक्यावर येतील. मग भरती-ओहोटीची चौकशी करायला कोण उरतंय!

धागाकर्ती: फुटायचा नाही हो. आत्ता आहे, पुढच्या क्षणी नाही. जादू समजा.

खगोलवेडा: मग बोलता येईल. तुम्ही वाचलेल्या मजकुरात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत: 'चंद्र कधी झालाच नसता तर' आणि 'आज गेला तर'. सहा-आठ तासांचा दिवस हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर. साडेचार अब्ज वर्षांपूर्वी पृथ्वी खूप वेगानं स्वतःभोवती फिरत होती. भरतीच्या घर्षणानं तो वेग कमी होत होत दिवस २४ तासांवर आला. आज चंद्र गेला म्हणून गेलेला वेग काही परत येत नाही. दिवस २४ तासांचाच राहील. सध्या तो शतकाला साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतोय, ती वाढ मंदावेल, पण थांबणार नाही. कारण भरती सूर्यही आणतो.

(पृथ्वीची ही गती चंद्राला मिळते आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब सरकतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे ठेवलेल्या परावर्तकावर लेझर सोडून हे मोजलं जातं. मुलांना हे सांगाच.)

लगेच जाणवेल ती भरती. सूर्याचा भरतीवरचा जोर चंद्राच्या जेमतेम ४६ टक्के. उधाणाच्या भरतीत दोघांचे जोर एकत्र येतात. त्यातून चंद्र वजा केला तर एक तृतीयांशही उरत नाही. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे जाते ती चंद्रामुळे. तो नसेल तर रोज ठरल्या वेळेलाच भरती, आणि उधाण-भांग (मोठी भरती आणि लहान भरती) हा फरकच संपला.

महाप्रलय विसरा. चंद्रामुळे खुल्या समुद्रात पाण्याला येणारा फुगवटा अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. तो सुटला की पाणी काही काळ हेलकावेल, पण डोंगराएवढ्या लाटा कुठून येणार? कॅनडातल्या फंडीच्या खाडीत १६ मीटरपर्यंत पाणी चढतं, त्याचं कारण तिथल्या पाण्याच्या हेलकाव्याचा काळ भरतीच्या लयीशी जुळतो हे आहे.

धागाकर्ती: आणि कलंडणं?

खगोलवेडा: इथे जरा सांभाळून बोला. पृथ्वीच्या आसाचा कल आज २३.४ अंश. तो ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांत हलतो, बस. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखी संथ गिरकी घेतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं. या गिरकीमागचा दोन तृतीयांश जोर चंद्राचा. तो गेला की फेरी ८०,००० वर्षांच्या घरात जाते आणि तिची लय इतर ग्रहांच्या ओढीमुळे पृथ्वीच्या कक्षेत होणाऱ्या संथ बदलांच्या लयीला गाठू लागते. कल बिघडायची भीती त्यातून येते. १९९३ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चंद्राविना कल ० ते ८५ अंशांपर्यंत कुठेही भरकटू शकतो. व्हिडिओवाले इथेच थांबतात. २०१२ मध्ये लिसॉअर, बार्न्स आणि चेंबर्स या शास्त्रज्ञांनी संगणकावर दीर्घ काळाची गणितं चालवली, तर कोट्यवधी वर्षांत होणारे बदल त्यापेक्षा बरेच मर्यादित निघाले. म्हणून 'कलंडेल' म्हणू नका. 'भरकटू शकतो, पण फार सावकाश' म्हणा.

रानवेडी: प्राण्यांबद्दलही बोला, मुलं तिथेच कान टवकारतात. ग्रेट बॅरिअर रीफवरची प्रवाळं वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्रींत एकाच वेळी बीजांडं सोडतात. तो इशाराच गेला तर पंचाईत. आफ्रिकेतले काही शेणकिडे चांदण्याच्या ध्रुवीकरणावरून (म्हणजे त्याच्या लहरी ठराविक दिशेनं डोलण्यावरून) सरळ रेषेत चालतात. पण त्यांच्यातलीच एक जात आकाशगंगेच्या पट्ट्यावरूनही दिशा धरते, तेव्हा सगळेच काही वाट चुकणार नाहीत.

शंकासुर: चंद्र आपल्यावर येणाऱ्या उल्का झेलतो म्हणतात, त्याचं काय?

खगोलवेडा: झेलून झेलून किती झेलणार? आकाशात तो अर्धा अंश दिसतो, म्हणजे सगळ्या आकाशाचा सुमारे दोन लाखांवा भाग. एवढ्याशा ढालीवर विसंबणारं सैन्य मी तरी पाहिलेलं नाही.

उगाचच: वर्षाची लांबी कुणी काढलीच नाही! चंद्राचं वस्तुमान पृथ्वीच्या १/८१. दोघं एका सामायिक केंद्राभोवती फिरतात, जे पृथ्वीच्या मध्यापासून सुमारे ४,६७० किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या पोटातच आहे. त्याभोवती पृथ्वी सेकंदाला साधारण साडेबारा मीटरनं फिरते. चंद्र सुटला की त्या क्षणीचा हा वेग सूर्याभोवतीच्या सेकंदाला ३० किलोमीटरमध्ये मिळवायचा किंवा वजा करायचा. ढोबळ हिशेबानं वर्षात फार तर अर्ध्या दिवसाचा फरक पडेल. अमावस्येला गेला तर वर्ष लांबेल, पौर्णिमेला गेला तर आखूड.

धागाकर्ती: हे भारी आहे! पण पौर्णिमेला आखूड का?

उगाचच: पौर्णिमेला चंद्र पृथ्वीच्या पलीकडे, सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो, म्हणून पृथ्वी सामायिक केंद्राच्या सूर्याकडच्या अंगाला येते. तिथे तिची छोटी फेरी मोठ्या फेरीच्या उलट दिशेला चाललेली असते, म्हणून साडेबारा मीटर वजा. वेग घटला की पृथ्वी सूर्याकडे किंचित आत ओढली जाते, कक्षा लहान होते आणि वर्ष लवकर संपतं. फळ्यावर दोन वर्तुळं काढा आणि बाण मुलांनाच काढू द्या.