मदत हवी आहे: सकाळ-संध्याकाळची ‘डिव्हाईन ऑफिस’ आईसोबत मराठीतून म्हणायची आहे

नमस्कार मंडळी,

मी वसईचा. आमच्या घरी संध्याकाळची रोझरी कधी चुकत नाही. आता आईची फार इच्छा आहे की फादर आणि सिस्टर लोक रोज ठरावीक वेळांना म्हणतात ती प्रार्थनाही (म्हणजेच ‘डिव्हाईन ऑफिस’) घरी म्हणावी, निदान सकाळची आणि संध्याकाळची. तिला इंग्रजी येत नाही आणि बारीक अक्षर वाचवत नाही.

शोधाशोध करून एवढं कळलं: आपल्याकडे इंग्रजीत या प्रार्थनेच्या पुस्तकाची १९७४ची तीन खंडांची आवृत्ती चालते, अमेरिकेची चार खंडांची वेगळी. ‘आयब्रेव्हरी’ हे ॲप फुकट आहे, पण त्यातलं इंग्रजी अमेरिकन आवृत्तीचं. स्तोत्रांचं चार आठवड्यांचं चक्र दोन्हीकडे एकच, पण गीतं, विनंत्या आणि भाषांतर वेगळं. त्यामुळे कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांबरोबर म्हणायला बसलं की गोंधळ होतो. ‘युनिव्हर्सालिस’चं विकतचं ॲप आपल्या पुस्तकाला जवळचं आहे आणि नेट नसतानाही चालतं, म्हणून लोकलमध्ये मला तेच बरं पडतं. ‘डिव्हाईन ऑफिस’ नावाच्या ॲपमध्ये ऑडिओ सुंदर आहे, पण तेही अमेरिकन आणि इंग्रजीच. माझं भागतं हो, आईचं काय?

सध्या आम्ही असं करतो: मी ॲपमध्ये त्या दिवशीची स्तोत्रं बघतो, आई मराठी बायबलमधून वाचते. पुस्तकात स्तोत्राचा ग्रीक बायबलमधला क्रमांक आधी असतो आणि हिब्रू बायबलमधला कंसात, मराठी बायबलमध्ये फक्त हिब्रू. पहिल्या आठवड्याच्या रविवारी सकाळी ६२ (६३) दिसलं की आई ६३वं काढते, ‘हे देवा, तू माझा देव आहेस’. ते तिला इतकं आवडतं की पुढच्या स्तोत्राआधी ती जरा थांबतेच. मग दानिएलमधलं तिघा तरुणांचं गीत, त्यानंतर १४९. जखऱ्याचं आणि मरियेचं गीत लूकच्या पहिल्या अध्यायातून घेतो. विनंत्या आणि शेवटची प्रार्थना मात्र मी जमेल तशी मराठीत सांगतो, आणि तिथे मन भरत नाही. ती प्रार्थना नीट, सुंदर मराठीतच व्हायला हवी.

तर जाणकारांनी कृपया सांगावं:

विनंत्या, पालुपदं (स्तोत्राच्या आधी-नंतर म्हणायची ओळ) आणि समारोपाच्या प्रार्थना मराठीत कुठे मिळतील? छापील पुस्तिका, पीडीएफ, एखाद्या धर्मग्रामाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, काहीही चालेल. कोणी मराठीत ध्वनिमुद्रण केलं असेल तर आईसाठी फारच उत्तम.

दुसरं, ६ फेब्रुवारीचं. चर्चच्या जगभरच्या सर्वसाधारण दिनदर्शिकेत त्या दिवशी संत पॉल मिकी आणि सोबती असतात. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्यांच्याचबरोबर १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले, पण वसईत सण त्यांच्या नावाने होतो. त्या दिवशी घरी पुस्तकातल्या हुतात्म्यांच्या सामायिक विभागातली (कुठल्याही हुतात्म्याच्या सणाला चालणारी) स्तोत्रं घ्यायची की चालू आठवड्याचीच? आणि वसईचे सण ॲपमध्ये आपले आपल्याला घालता येतात का?

मुंबई, पुणे, नाशिक, गोवा, कुठल्याही धर्मप्रांतातल्या कोणी घरी हे सुरू केलं असेल तर तुमची पद्धतही जरूर लिहा.