मदत हवी आहे: ‘सर्वांसाठी’ क्लाइंबिंग मेळावा, पण कड्यापर्यंतच्या वाटेचं काय करू?

कातळवेडा

नमस्कार मंडळी.

आधी अडचण, मग पाल्हाळ. ठाण्यातला आमचा डोंगरवेड्यांचा गट येत्या जानेवारीत शनिवार-रविवार प्रस्तरारोहणाचा मेळावा भरवतोय. जागा बेलापूरच्या बाजूची, पारसिकच्या रांगेतला एक जेमतेम ४० फुटी कडा. सोबत छोटे वर्ग: गाठी, बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं), अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार), नकाशा-होकायंत्र, प्रथमोपचार. ६० जणांची सोय. यंदा पत्रकावर ‘सर्वांसाठी’ हा शब्द आम्ही मोठ्या अक्षरात छापला आणि लोकांनी तो चक्क खरा मानला. आतापर्यंत २ पूर्ण अंध, १ अल्पदृष्टी, ३ कर्णबधिर, गुडघ्याखाली कृत्रिम पाय असलेले एक गृहस्थ आणि व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी, एवढ्यांनी नावं दिलीत. शिवाय ६१ वर्षांच्या एक आजी आहेत (त्यांची काळजी नाही, त्या माझ्यापेक्षा भरभर चढतात) आणि कड्याखालच्या पाड्यातली सात-आठ पोरं. ती याच कड्यावर अनवाणी चढतात आणि आमचे महागाचे बूट बघून हसतात.

दोर लावायचं आम्हाला कळतं. सगळं टॉप रोपवर आहे, म्हणजे दोर वरच्या अँकरमधून फिरून खाली बिले देणाऱ्याकडे येतो. हात सुटला तरी माणूस थोडासाच खाली येऊन लटकतो. त्यामुळे कड्यावर कोणाला चढवायची मला फारशी धास्ती नाही. धास्ती आहे ती डांबरी रस्ता सोडल्यापासून कड्याच्या पायथ्यापर्यंतच्या २० मिनिटांची. आधी मुरमाड पाऊलवाट, मग झुडपांतून आडवं, शेवटी तीस-चाळीस पावलांचा घसारा, म्हणजे सुट्या दगडमातीचा निसरडा उतार. आणि तिथे शौचालय नाही. पुरुष झाडामागे जातात, बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. इतकी वर्षं असंच चाललंय. कोणी तक्रार केली नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

गेल्या वर्षीचं सांगतो. एक अंध मित्र आला होता. वाटेवर आम्ही दोघांनी त्याला दोन्ही दंडांना धरून नेलं, पाकीटमाराला चौकीत नेतात तसं. घसाऱ्यावर तिघंही बदकन बसलो. कड्याला लागल्यावर गडी झकास चढायला लागला. अर्ध्यावर त्याचा उजवा हात कातळ चाचपत होता, खाच तिथेच होती, पण बोटं तीनदा तिच्या चार बोटं खालून गेली. खालून मी ओरडतोय “वर, वर!”, दुसरा “उजवीकडे!”, तिसरी “अरे आधी पाय उचल!” त्याने हात थांबवला, हेल्मेट कातळाला टेकवलं आणि म्हणाला, “एकानेच बोला. नाहीतर कोणीच बोलू नका.” आम्ही गपगार. मग खाच त्याची त्यानेच शोधली. वर पोचल्यावर त्याने अँकरच्या कॅराबिनरवर (दोर अडकवायची धातूची कडी) नखाने टिचकी मारली. टण् असा बारीक आवाज खालपर्यंत आला.

यंदा तो मैत्रिणीलाही आणतोय. तेव्हा ज्यांनी असं काही केलंय, किंवा ज्यांना स्वतःला असं कोणी ‘नेलंय’, त्यांनी मोकळेपणाने सांगा. घसाऱ्याचं काय करू? शौचालयाचं काय? गाठींचा वर्ग घेताना काय बदलू? आणि मणक्याची इजा असलेल्या मुलीला हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) बसवताना काय बघायचं? खर्चाला आमच्याकडे फार पैसे नाहीत, पण हात भरपूर आहेत.

साडेतीन_मात्रा

मी जन्मांध आहे, धागा स्क्रीन रीडरवर ऐकतेय. दंड धरू नका. आम्हाला तुमचं कोपर धरू द्या. अरुंद वाटेवर पुढच्याच्या सॅकचा पट्टा हातात दिलात तरी पुरे, त्याची पाठ खाली-वर झाली की पायरी कळते. घसाऱ्याला झाडापासून झाडापर्यंत कमरेच्या उंचीवर हाताचा दोर बांधा. फक्त आमच्यासाठी नाही, तुम्हीही तिथे बसलातच की.

कड्यावर घड्याळाची भाषा वापरा. “उजवा हात, एक वाजता, कोपरभर लांब, आडवी खाच.” आधी कोणता अवयव, मग दिशा, मग अंतर, शेवटी पकड कशी आहे ते. “तिकडे” आणि “थोडं” हे दोन शब्द त्या दिवसापुरते घरी ठेवा. पॅराक्लाइंबिंगच्या, म्हणजे अपंगांच्या क्लाइंबिंगच्या, स्पर्धांतही अंध स्पर्धकाला खालून त्याचा मार्गदर्शक सांगतो, आणि बी-१ गटात सगळ्यांनाच डोळ्यांवर पट्टी असते, म्हणजे किंचित उजेड कळणाऱ्यालाही फायदा नको.

फिगर ऑफ एट (हार्नेसला दोर बांधायची आठाच्या आकाराची गाठ) शिकवताना गाठ आमच्या हातात द्या, आमचे हात धरून फिरवू नका. आठाचा आकार अंगठ्याने कळतो, आणि दोन्ही पदर शेजारी-शेजारी, न ओलांडता गेलेत का, तेही बोटांना डोळ्यांपेक्षा लवकर कळतं. पैज लावते.

मीठभाकर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हौस म्हणून ठीक आहे, पण व्हीलचेअरवरच्या मुलीला कड्यावर कशाला? उद्या काही झालं तर तुमच्यावर शेकेल. त्यापेक्षा एखाद्या जिममधली कृत्रिम भिंत बघा. लिफ्ट, पंखा, संडास, सगळं असतं.

डोंगरकुशी

मीठभाकर, जबाबदारीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो साठही जणांना लागू आहे, एकटीला नाही. पॅराक्लाइंबिंग २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा येतंय. या खेळात पायांत ताकद नसलेल्यांचा एएल-१ हा वेगळा गट आहे, ते नुसत्या हातांवर चढतात. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ ला बोल्डरिंगचे (कमी उंचीवर, दोराशिवाय चढणं) वर्ल्ड कप झाले, तेव्हा जागेवर खिळून बघणाऱ्यांत मी होतो. आपल्या गावात हा खेळ नवा नाही, नवी आहेत ती माणसं.

कातळवेडा, वनखात्याची जागा असेल तर त्यांची परवानगी लेखी घ्या, आणि राज्याचं २०२१ चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यातली नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी वाचून घ्या. कागद कंटाळवाणे असतात, पण मीठभाकरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यांतच आहे.

आता आग्या मोहोळ. आठवडाभर आधी दुर्बिणीने अख्खा कडा बघा. पोळं दिसलं तर ती बाजू बाद, चर्चा नको. धूर नाही, अत्तर नाही, डिओ नाही. आपण पळतो, पण दोरावर लटकलेला माणूस पळू शकत नाही. म्हणून प्रत्येक दोरापाशी एक जाड चादर आणि न गोंधळता झपकन खाली सोडता येणारा बिलेयर हवाच. अंध क्लाइंबर असेल तर ‘आता खाली सोडतोय’ यासाठी एक ठरलेला शब्द हवा, नाहीतर तो कातळ घट्ट धरून बसेल.

चकली_ऐरोली

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मणक्याच्या रुग्णांबरोबर काम करते. थोडं लांबेल.

त्या मुलीला पहिलं विचारा की इजा कितव्या मणक्याला आहे. तिला पाठ असतं, लाजू नका. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल तर तुंबलेलं मूत्राशय किंवा रुतलेला पट्टा, एवढ्यानेही रक्तदाब एकदम भडकू शकतो. कपाळ फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो. तसं झालं तर लगेच खाली घ्या, उठवून बसवा, आडवं करू नका, पट्टे सैल करा, लघवीची नळी दुमडली असेल तर सरळ करा, आणि उतार पडत नसेल तर थेट हॉस्पिटल. म्हणजे तुमचं शौचालय ही ‘सोय’ नाही, ते तुमच्या सुरक्षेच्या यादीत हेल्मेटच्या शेजारी लिहा.

दुसरं, जिथे संवेदना नाही तिथे हार्नेस टोचला तरी तिला कळणार नाही. मांडीच्या पट्ट्यांखाली जाड फोम घाला, धड सावरत नसेल तर छातीचा हार्नेस जोडा, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त लटकवू नका आणि उतरल्यावर एखाद्या बाईने आडोशाला कातडी बघावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर त्या दिवशी पुन्हा चढणं नाही.

तिसरं ऊन. इजेच्या खाली घाम नीट येत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. आपला काळा कातळ अकरालाच तव्यासारखा होतो. तिचा नंबर सकाळी पहिला लावा आणि पाण्याची फवारणीची बाटली ठेवा.

कृत्रिम पायवाल्या काकांना सांगा, जास्तीचा मोजा आणि कोरडा नॅपकिन आणा. घामाने सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) फिरतं. पाय काढून चढायचं की घालून, हे त्यांचं त्यांना ठरवू द्या.

नि:शब्द_नाही

माझा भाऊ कर्णबधिर आहे, त्याच्या वतीने. गाठ दाखवताना बोलू नका! तो एकतर तुमच्या हातांकडे बघेल नाहीतर दुभाष्याकडे. आधी सांगा, थांबा, मग करून दाखवा. सूर्य तुमच्या तोंडावर असू द्या, पाठीवर नको, नाहीतर त्याला नुसती काळी आकृती दिसते. कड्यावर दोराचे हिसके ठरवा: एक म्हणजे दोर ताणून धर, दोन म्हणजे ढील दे, तीन म्हणजे खाली सोड. पण तो अर्धवट लटकत असताना हिसके चुकून बसतात, म्हणून खाली असताना दोनदा सराव घ्या. आणि हेल्मेट. कानामागचं यंत्र हेल्मेटच्या पट्ट्याखाली आलं की शिट्टी मारतं, कॉक्लिअर इम्प्लांटवाल्याचं डोक्यावरचं चुंबक निसटतं. हेल्मेटं आधी घालून बघू द्या, आयत्या वेळी नको.

पारसिककर

शौचालयाचं मी सांगतो, लग्नाच्या मांडवाचा धंदा आहे. रुग्णसाहित्याच्या दुकानात कमोड खुर्ची भाड्याने मिळते. खाली झाकणाची बादली, आत जाड पिशवी, शेजारी वखारीतला लाकडाचा भुसा. प्रत्येकाने वापरून झाल्यावर दोन ओंजळी टाकायचा. चार बांबू, कापडी कनात, आत व्हीलचेअर वळेल एवढी, पाच बाय पाच फूट तरी. पिशव्या खाली आणायच्या, तिथे पुरायच्या नाहीत. खाली पाड्याचं पाणी आहे. कनात आणि बांबू माझ्याकडून, भाडं नको.

व्हीलचेअरवाल्या ताईला डोलीने नेता येईल. पाड्यातली पोरं खांदा देतील.

कातळवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी तालीम घेतली, म्हणून उशीर झाला.

डोलीचं त्या मुलीलाच विचारलं. म्हणाली, “डोलीत बसायला मी नवरी नाही.” तिने सुचवलेलं असं: मुरमाच्या वाटेवर स्वतःची व्हीलचेअर, पुढे एक दोर ओढायला, मागे दोघं. घसाऱ्याआधी खुर्चीतून उतरून जाड गादीवर बसायचं आणि आम्ही वरून ३:१ च्या पुलीने (जोर एक तृतीयांश लागतो अशी दोर-कप्प्यांची जोडणी) गादी ओढायची. हिशेब सोपा आहे, ५० किलोला १७ किलोचा जोर. प्रत्यक्षात घासाघाशीत २५ तरी लागला, पण चौघांना जड गेलं नाही. तिची इजा कमरेच्या मणक्याची आहे, तरी चकलीताईंनी सांगितलेलं सगळं लिहून प्रत्येक दोरापाशी अडकवणार आहे. कमोड खुर्ची मिळाली. कनात उभी राहिली तेव्हा सगळ्यात आधी आमच्याच गटातल्या बायका आत गेल्या, आणि एकीने बाहेर येऊन मला विचारलं, “हे पंधरा वर्षांपूर्वी का नाही सुचलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हाताचा दोर बांधला. पाड्यातल्या पोरांनी बघितला आणि तो ढिला आहे म्हणून स्वतःच पुन्हा बांधला, आमच्यापेक्षा बरा. त्यातल्या दोघी आता वाटेवर मदतनीस आहेत, नोंदणी शुल्क माफ, जेवण आणि दिवसाची मजुरी आमच्याकडून.

मीठभाकर, तुम्ही यावं. बिलेयर कमी पडतायत.

साडेतीन_मात्रा, पैज मी हरलो. डोळे बांधून गाठ घातली, दुसरा पदर उलटा गेला होता आणि मला पत्ताच नाही. दोन्ही दिवस गाठींच्या वर्गाला तुम्ही शिकवायला याल का? ठाण्याहून पनवेल लोकलने बेलापूर, स्टेशनवर घ्यायला मी येतो. कोपर माझं.

एकच गोष्ट अजून अडली आहे. शनिवारी भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी मिळाले, रविवारी कोणी नाही. अँकर आणि प्रथमोपचार हे दोन्ही वर्ग नेमके रविवारीच आहेत. कोणाच्या ओळखीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मानधन आणि सकाळी साडेसहाचा चहा-वडापाव नक्की.