भावाचं पाप भावाला सांगायचं की गप्प बसून 'प्रेम' करायचं?

थिवीकर: काल ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "देव बघून घेईल, आपण फक्त प्रेम करायचं, कोणाचं पाप दाखवणं आपलं काम नाही." खाली सगळ्यांचे जोडलेले हात. मला राहवेना म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ मटका लावायचा, घरात सगळ्यांना माहीत. मम्मी म्हणायची राहू दे रे, त्याचं मन दुखेल. आम्ही दीड वर्ष प्रेमच करत बसलो आणि तेवढ्यात भावजयीच्या बांगड्या गहाण पडल्या. शेवटी त्याला बाईकवर मागे बसवून शापोरा नदीकडे नेला, दोघंच, आणि सरळ विचारलं देणं किती झालंय. रडला, शिव्या पण घातल्या, आठ महिने बोलला नाही. मग उपवासकाळात आपणहून कुमसाराला, म्हणजे पाद्रीसमोर पाप कबूल करायला गेला. मत्तय १८:१५ मध्ये येशू सांगतो भाऊ चुकला तर त्याच्याकडे जा. 'जा' हा शब्द लोक वाचतच नाहीत.

पेडण्याची: पुढचा 'एकांतात' पण वाचत नाहीत, दादा. आमच्या प्रार्थनासभेत पास्टरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन "ही बहीण चुकीच्या नात्यात आहे, तिच्यासाठी प्रार्थना करूया" केलं. प्रेमानेच हां. मी २२ वर्षांची होते. बाहेर चप्पल शोधताना एकानेही माझ्याकडे बघितलं नाही. परत गेले नाही, जाणारही नाही.

फोंड्याचा बिलिव्हर: ताई वाईट झालं, पण बायबलमध्ये १ करिंथ ५ वाचा, पौल एकाच्या पापाबद्दल सगळ्या मंडळीला सांगतो. पाप झाकून ठेवलं की सडतं. आणि थिवीकर, मटक्यावर एवढं बोलताय तर फेस्ताला, चर्चच्या सणाला, पटांगणात पैसे लावून हाऊजी (तंबोला) चालते ती काय प्रार्थना?

आजीचा तेर्स: झालं सुरू ह्यांचं! कॅटेकिझम, आमच्या कॅथलिक शिकवणीचं पुस्तक, त्यातला २४१३ वाचा, नशिबाचे खेळ मुळात पाप नाहीत, माणसाच्या गरजेचे पैसे त्यात गेले किंवा त्याचा नाद लागला तर चूक. हाऊजीने कोणाच्या बांगड्या गेल्या सांगा बघू.

फोंड्याचा बिलिव्हर: माझ्या मावशीच्या. सीझनला एक हाऊजी सोडत नाही, दहा-दहा तिकिटं, का तर फुल हाऊसला स्कूटर. घरी गॅस संपला तर शेजारून मागते.

आजीचा तेर्स: मग मावशीला जाऊन सांगा ना, इथे आम्हाला का? आमच्या चॅपलचं छप्पर त्याच हाऊजीवर झालंय.

फोंड्याचा बिलिव्हर: तेच म्हणतोय, छप्पर गळायला लागलं की पाप पण चालतं!!

डिचोलीकर: मी तुमच्यातला नाही, पण गोव्यातलं इन्क्विझिशन, पोर्तुगीजांचं ते धर्मन्यायालय, पण आत्म्याच्या भल्यासाठीच चाललं होतं ना? १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडून. 'वोडलें घर', म्हणजे त्याची इमारत, म्हटलं की लोकांचे पाय लटपटायचे म्हणतात. प्रेमाने सुधारणाऱ्यांची मला भीतीच वाटते.

थिवीकर: अरे बाब, मी भावाला बाईकवर नेला, तुरुंगात नाही टाकला! काहीही काढता. कोणी आमच्या घरी आठ महिने जेवायला बसून बघा, टेबलावर दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मम्मी मध्ये फिशकरी वाढतेय. ते काय मला आवडत होतं? बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात ६:१ मध्ये सौम्यतेने ताळ्यावर आणा असं आहे आणि लगेच पुढे, स्वतःकडे पण बघ.

आजीचा तेर्स: बायबलमधला नाथान संदेष्टा पण दावीद राजाला त्याचं पाप दाखवताना आधी गरीबाच्या मेंढीची गोष्ट सांगतो. राजा स्वतःच चिडून निकाल देतो, मग हा म्हणतो तो माणूस तूच. ही अक्कल पाहिजे. माइक हातात घेऊन नाही.

फोंड्याचा बिलिव्हर: बरं, ताईंच्या पास्टरांचं चुकलं. आधी एकट्याने, मग दोन-तीन साक्षीदार, मंडळी सगळ्यात शेवटी, ह्या पायऱ्या त्यांनी सोडल्या. मानलं. हाऊजीचं मानत नाही.

पेडण्याची: उपकार झाले. थिवीकर, एक विचारू? भाऊ त्या दिवशी नदीवर पहिल्यांदा काय म्हणाला?

थिवीकर: बांगड्यांचं मम्मीला सांगणार काय, असं विचारलं. मी म्हटलं नाही. अजून सांगितलं नाही.

पेडण्याची: आणि इथे सगळ्या ग्रुपला सांगितलंत. त्याला विचारून लिहिलंत का?

थिवीकर: नाव कुठे लिहिलंय.

पेडण्याची: थिवीचे तुम्ही, धाकटा भाऊ एकच असणार.

थिवीकर: ... नाही विचारलं. बरोबर आहे तुमचं. संध्याकाळी त्याच्याकडे जातो, तोवर पोस्ट काढतो.

फोंड्याचा बिलिव्हर: काढू नका हां, हाऊजीचं उत्तर राहिलंय.