भजनाला जुन्या कॅसेटचा रंग द्यायचाय: पेटी बेसूर होते, झांज किरकिरते

काळी_चार (कुडाळ)

नमस्कार मंडळी. गावातल्या भजनी मंडळाचं २२ मिनिटांचं रेकॉर्डिंग हातात आहे. सहा ट्रॅक: बुवा, कोरस, पेटी, झांज-टाळ मिळून एक, आणि पखवाजाच्या दोन तोंडांना दोन माइक. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, रीपर या रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. मंडळाला १९८५च्या आसपास टू-इन-वनवर कॅसेट वाजायची तसा आवाज हवाय.

सध्या बुवा आणि पेटी यांच्या ट्रॅकवर आरसी-२० (जुन्या आवाजाचं प्लगिन, म्हणजे रीपरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) वेगवेगळं लावलंय, व्हॉबल (सूर डुलवणारं बटण) बऱ्यापैकी वर, मिक्स (मूळ आवाजात इफेक्ट किती मिसळायचा ते) ५० टक्के, डिजिटल विभागही चालू. मास्टरवर (सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर) आयझोटोपचं फुकटचं व्हायनल हे तबकडीच्या आवाजाचं प्लगिन, डस्ट (धूळ) निम्म्यावर. सगळ्यात शेवटी लिमिटर (मोठे ठोके दाबून एकूण आवाज वर आणणारा), तो ८ डीबीपर्यंत दाबतोय.

अडचणी अशा: पेटी बेसूर वाटते, जणू दोन पेट्या एकमेकींशी भांडतायत. झांजेवर वाळू घासल्यासारखी किरकिर येते. दोन अभंगांच्या मधल्या शांततेत खरखर उसळून वर येते. आणि मोबाइलवर पखवाजाचा डावा हात गायबच होतो. लॅपटॉप साधा, ८ जीबीचा. काय बदलू?

---

चिरेबंदी (मालवण)

पहिल्यांदा व्हायनल काढा. धुळीची टिकटिक तबकडीची असते, कॅसेटची नव्हे. तबकडीवरून कॅसेटवर उतरवलेलं गाणं असेल तरच दोन्ही एकत्र ऐकू येतात. ‘जुना आवाज’ असा एकच आवाज नसतो. ७८ची तबकडी सेकंदाला १.३ फेरे घेते, त्यामुळे भोक मध्यावर नसेल तर सूर बरोबर त्याच तालात डुलतो. मध्यम लहरींच्या रेडिओवर आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर, म्हणून साधारण ४.५ किलोहर्ट्झच्या वर काही उरत नाही, आणि सगळं मोनो. कॅसेटचं डुलणं अनियमित असतं, वरचा आवाज हळूहळू विरत जातो आणि तळाशी सतत एकसारखी ‘स्स्स’ असते. कानाला हे फरक लगेच कळतात, नाव सांगता आलं नाही तरी.

आता पेटी. तिथे दोन चुका एकावर एक बसल्यात.

एक, मिक्स ५० टक्के. व्हॉबल म्हणजे आवाजाला मागेपुढे होणारा विलंब. मूळ आवाज आणि डुलणारी प्रत निम्मी-निम्मी मिसळली की टेप बनत नाही, कोरस इफेक्ट बनतो. तुमच्या दोन पेट्यांचं भांडण ते हेच. डुलवायचं असेल तर मिक्स नेहमी १०० टक्के.

दोन, ट्रॅक वेगवेगळे डुलवणं. खऱ्या टेपवर बुवा, पेटी, झांज सगळे एकाच पट्टीवर असतात, एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात. तुमच्याकडे बुवा वर जातात तेव्हा पेटी खाली येते. सहाही ट्रॅक एका बसमध्ये (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या ट्रॅकमध्ये) घाला आणि टेपचं प्लगिन फक्त त्या बसवर, एकदाच.

डुलणं किती ठेवायचं? वेगात १ टक्का फरक पडला की सूर १७ सेंट हलतो (पेटीच्या शेजारच्या दोन स्वरांत १०० सेंट). चांगल्या डेकचा फरक ०.१ टक्क्याच्या आसपास, टू-इन-वनचा ०.३ धरा, म्हणजे ५ सेंट. गळ्यात मींड असते, कंप असतो, तिथे हे लपून जातं. पेटीचा सूर मात्र खुंटीसारखा एका जागी ठोकलेला, तिथे ८-१० सेंटही उघडे पडतात. म्हणून मोजमाप पेटीवरच करा. प्लगिनच्या बटणावरचा आकडा बहुतेक वेळा वेगाचा टक्का नसतो, त्यावर जाऊ नका. बसवर एक सरळ साइन सूर सोडा, ४४० हर्ट्झ चालेल, प्लगिनच्या मागे रीट्यून (रीपरमधलं सूर मोजायचं प्लगिन) लावा आणि काटा दोन्ही बाजूंना ४-५ सेंटच्या आत राहील इतकंच बटण फिरवा. आणि सगळं गाणं २ टक्के संथ करून ‘जुनं’ करायची पद्धत भजनात नको. पट्टी ३५ सेंट उतरते, मग घरी सोबत पेटी धरणाऱ्याचं काही जुळत नाही.

प्लगिन म्हणाल तर चाऊ टेप मॉडेल घ्या. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. ते रीळवाल्या मशीनवर बेतलंय, पण त्यातल्या ‘लॉस’ विभागात टेपचा वेग आणि हेडपासूनचं अंतर स्वतः ठरवता येतं, आणि कॅसेटचा सगळा जीव तिथेच आहे. कॅसेट सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर चालते. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट टेपवर ४.७६ मायक्रॉनमध्ये बसवावी लागते. टेप आणि हेड यांच्यात अर्धा मायक्रॉन मळ साचला की तिथे ५.७ डीबी जातात आणि ५ किलोहर्ट्झला त्याच्या निम्मे. स्टुडिओतली मोठी रीळ सेकंदाला ३८ सेंटिमीटर धावते, तिथे तोच मळ १० किलोहर्ट्झला जेमतेम ०.७ डीबी खातो. म्हणून स्टुडिओ-टेपची महागडी प्लगिनं लावली तर आवाज गुबगुबीत होतो, पण कॅसेट काही ऐकू येत नाही.

वेग १.८८ इंच, स्पेसिंग (हेडपासूनचं अंतर) अर्ध्या मायक्रॉनपासून सुरू करून १ पर्यंत. हेच काम साध्या इक्यूवर (वरचा-खालचा आवाज कमीजास्त करणाऱ्या प्लगिनवर) करायचं तर १२ किलोहर्ट्झला कडा तोडू नका. ४ किलोहर्ट्झपासून सौम्य उतार द्या, १०ला ६ डीबी खाली. तोडलेली कडा स्वस्त एमपी३सारखी वाटते.

---

उलटा_फेज (रत्नागिरी)

वरचं सगळं मान्य. झांज आणि पखवाज राहिले, ते मी घेतो.

झांजेची किरकिर टेपची नाही, अलायझिंगची आहे. ४८ किलोहर्ट्झच्या प्रोजेक्टमध्ये २४च्या वर काही मावत नाही. झांजेतला ९ किलोहर्ट्झचा घटक डिस्टॉर्शनमध्ये गेला की त्याचा पाचवा हार्मोनिक (पाचपट उंच सूर) ४५ला तयार होतो. तो मावत नाही, दुमडून ३ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. ३ किलोहर्ट्झ म्हणजे कान जिथे सगळ्यात तिखट तिथे, आणि झांजेशी त्याचं काही नातं नाही. उपाय: प्लगिनमध्ये ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत सॅम्पल रेट वाढवून काम करणं) ४ पट करा. लॅपटॉप धापा टाकेल, म्हणून मिक्सिंग करताना २ पट ठेवा आणि शेवटच्या रेंडरला (फाइल काढताना) ४ किंवा ८.

आरसी-२०चा डिजिटल विभाग पूर्ण बंद. बिट आणि सॅम्पल रेट कमी करणं ही १९८७च्या एसपी-१२००सारख्या सॅम्पलरची खूण, १२ बिट, २६ किलोहर्ट्झ. हिप-हॉपच्या ड्रमवर ती शोभते. पेटीच्या स्वरावर लावली की सुरात न बसणाऱ्या शिट्ट्या निघतात.

कॅसेटवर झांज जशी चेपली जायची तसं हवं असेल तर टेप-सॅच्युरेशनच्या (टेप भरून आवाज चेपला जाण्याच्या) आधी ६ किलोहर्ट्झपासून वर ४ डीबी चढवा आणि सॅच्युरेशननंतर तेवढेच उतरवा. खरा डेकही भरताना वरचा भाग वाढवूनच भरतो, त्यामुळे टेप आधी तिथेच भरून जाते. झांज मऊ, किंचित विझलेली येईल, आणि बुवांच्या आवाजाला धक्का लागणार नाही. मात्र उलट क्रमाने केलंत, आधी उतार आणि मग चढ, तर हातात फक्त गोंगाट उरेल.

पखवाजाचा डावा हात गेला कारण दोन माइक एकमेकांच्या विरोधात आहेत. डाव्या तोंडावर थाप पडली की ते कातडं आत जातं आणि उजवं बाहेर येतं. एका माइकला धक्का, दुसऱ्याला ओढ. स्टेरिओत हे खपून जातं, मोबाइलच्या एकाच स्पीकरवर दोन्ही मिळून शून्याकडे जातात. रीपरमध्ये ट्रॅकवर Ø खुणेचं बटण आहे, कुठल्याही एका माइकवर ते दाबा. मास्टर मोनोत ऐका, दोन्ही स्थितीत, आणि जिथे ‘धूं’ भरीव येते ती ठेवा. हे टेपच्या प्लगिनआधी व्हायला हवं. कॅसेट स्टेरिओ असली तरी तुमचा संदर्भ टू-इन-वन आहे, तेव्हा दोन्ही बाजू ३० टक्क्यांपर्यंत आत ओढल्यात तरी बिघडत नाही.

---

काळी_चार (कुडाळ)

दोघांचेही मनापासून आभार. डुलणं ४ सेंटवर आणलं, बसवर एकच चाऊ टेप. पेटी सुरात आली. पखवाजावर Ø दाबल्याबरोबर डावा हात परत आला.

आता दोन प्रश्न. मंडळाकडे चालू स्थितीतला कॅसेट डेक आहे, सरळ त्याच्यावरूनच काढावं का? आणि रेकॉर्डिंग श्रावणातलं आहे, कौलांवरचा पाऊस सगळ्या माइकमध्ये उतरलाय. त्यावर पुन्हा हिस (टेपची ‘स्स्स’) घालायचा का?

---

रीळ_आणि_पट्टी (चिपळूण)

डेक असेल तर जरूर काढा. प्लगिन पुष्कळ जवळ आलीत, पण भरताना टेप दमते आणि सावरते ते डेकवर जास्त जिवंत ऐकू येतं. फक्त आधी डेकची सेवा करा.

हेड, कॅपस्टन (टेप ओढणारी फिरती दांडी) आणि रबरी पिंच रोलर. पहिल्या दोघांना ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, काडी तपकिरी येणं थांबेपर्यंत. रबराला अल्कोहोल वारंवार लावलं तर ते कडक होतं, तिथे ओलसर फडकं पुरे. आपल्या दमट हवेत आतला पट्टा सैल होतो किंवा चिकट डांबरासारखा वितळतो. डुलणं वेडंवाकडं असेल तर दोष तिथे शोधा. कॅसेट कोरी, नवी घ्या. कपाटात पडलेल्या जुन्या कॅसेटच्या रिळावर कडेने पांढरट बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका. ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला.

जोडणी: इंटरफेसच्या (लॅपटॉपला जोडलेल्या रेकॉर्डिंगच्या पेटाऱ्याच्या) लाइन-आउटमधून डेकच्या लाइन-इनला, परत येताना लाइन-आउटमधून इंटरफेसच्या लाइन-इनला. माइकच्या खाचेत घालू नका, तिथेच फाटतं आणि ते फाटणं टेपचं नसतं. साध्या फेरिक कॅसेटवर सुया शून्याच्या आसपास, झांजेच्या ठोक्याला +३ पर्यंत. डॉल्बी बी (हिस कमी करणारी डेकमधली सोय) बंद. एक युक्ती: भरताना डॉल्बी चालू आणि वाजवताना बंद ठेवलं तर वरचा भाग उजळ आणि दाबलेला येतो. बुवांच्या आवाजाला ते खुलतं, झांजेला नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, पूर्ण मिक्स एकत्रच भरा. ट्रॅक एकेक करून टेपवरून आणलेत तर प्रत्येक वेळी वेग जरासा निराळा असेल. ०.१ टक्का फरक म्हणजे २२ मिनिटांत सव्वा सेकंदाहून जास्त, आणि अभंग संपायच्या आधीच टाळ ठेक्यातून सुटतील. २२ मिनिटं सी-६०च्या एका बाजूत सहज बसतात. सी-९० टाळा, तिची टेप पातळ असते.

---

चिरेबंदी (मालवण)

डेक चांगला असेल तर मीही डेकच म्हणेन. एवढंच की त्यावरून काढलेल्या आवाजावर परत टेपचं प्लगिन लावू नका, आणि एखादा ठोका बिघडला तर पूर्ण बाजू पुन्हा भरायची तयारी ठेवा.

पावसाचं: हिस घालू नका. अभंगांच्या मधल्या जागेत आरएमएस (सरासरी पातळी) बघा. डॉल्बीशिवायच्या कॅसेटचा तळ वरच्या पातळीपासून ५०-५५ डीबी खाली असतो. तुमचा पाऊस त्याच्या आसपास किंवा वर असेल तर तोच तुमचा हिस. वरचा भाग उतरवला की कौलांवरचा पाऊस आणि टेपची ‘स्स्स’ इतके जवळ येतात की दोन्ही ठेवले तर नुसता धूर होतो. पण मधली जागा कापून शांत करू नका. अभंग सुरू झाला की पाऊस येतो आणि संपला की जातो, असं झालं की कान तिथेच अडकतो. फक्त पाऊस असलेला दहा सेकंदांचा तुकडा शोधा, मधल्या जागांत पसरा आणि दोन्ही टोकांना दोन सेकंदांचा क्रॉसफेड (एक विरत असताना दुसरा वर येणं) द्या.

खरखर उसळते ती लिमिटरमुळे. शेवटी ८ डीबी दाबलंत की शांततेतला तळ तितकाच वर येतो. दाबायचं ते टेपच्या आधी दाबा: कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा) बसवर पहिला, २:१, अटॅक (दाबायला लागेपर्यंतचा वेळ) ३० मिलिसेकंद म्हणजे पखवाजाची थाप सुटून जाईल, ३-४ डीबी. मग टेप. शेवटच्या लिमिटरला १ डीबीहून जास्त काम नको. यूट्यूब –१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) वरचं खाली ओढतं, त्यामुळे जोर लावून मिळत काहीच नाही.

आणि मंडळाच्या ग्रुपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हॉइस नोट करून पाठवलीत तर कमी बिटरेटमध्ये हा हिस आणि पाऊस पाण्याखालून बुडबुडे आल्यासारखा ऐकू येतो.